सामुदायिक वनाचे पुनरुज्जीवन : लागवडीच्या दिवसानंतरचे काम

पानगळ (धागाकर्ती)

गेली सात वर्षे मी एका सामुदायिक वनात स्वयंसेवक म्हणून काम करते आहे. पावसाळा तोंडावर आला की नव्या लोकांचे निरोप येऊ लागतात आणि जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो : झाडे लावायला कधी यायचे? हा उत्साह मनापासूनचा असतो आणि मला त्याचे मोल आहे. परंतु उजाड झालेले वन लागवडीच्या दिवशी उभे राहत नाही, ते त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत उभे राहते, आणि नेमकी त्याच वर्षांत कामाला माणसे मिळत नाहीत. या विषयावर सविस्तर बोलता यावे म्हणून हा धागा काढते आहे.

आमची चूक आधी सांगते. पहिल्या वर्षी आम्ही ट्रकभर रोपे आणली, एका दिवसात लावली, छायाचित्रे काढली आणि नंतर महिन्यातून एखादी चक्कर मारत राहिलो. उन्हाळा सरताना मोजणी केली, तेव्हा रांगेच्या रांगा वाळलेल्या होत्या. मेलेली रोपे उपटून पाहिली, तर कित्येकांच्या मुळांची पिशवीच्या आकाराची गुंडाळी तशीच होती. पिशवीत फार काळ राहिलेल्या रोपाचे सोटमूळ तळाशी पोहोचून वळते आणि गोल फिरू लागते. लावताना तो तळाचा वेटोळा कापला नाही, तर मूळ जमिनीत खोल न जाता स्वतःभोवतीच फिरत राहते आणि पहिल्याच कडक उन्हाळ्यात रोप मान टाकते.

याहून मोठी चूक मात्र आम्हांला आणखी वर्षभराने कळली. खड्डे घेण्यासाठी जागा मोकळी करताना आम्ही गुडघाभर उंचीची खुरटी झुडपे सरसकट तोडून टाकली होती. पुढच्या वर्षी तेच करत असताना तिथे गुरे चारायला येणाऱ्या एका आजोबांनी थांबवले आणि म्हणाले, ‘‘हे झुडूप नव्हे, झाड आहे.’’ त्यांनी पालापाचोळा आणि माती बाजूला सारली, तेव्हा खाली परातीएवढ्या रुंदीचा जुना खुंट निघाला. त्याच्या कडेने पंधरा-वीस बारीक फुटवे आलेले होते. दरवर्षी कुणीतरी ते तोडत होते, गुरे शेंडे खात होती आणि खुंट दरवर्षी पुन्हा फुटत होता. आम्ही त्यातले तीन सरळ फुटवे राखले, बाकीचे काढले आणि भोवती काटेरी फांद्यांचे कुंपण केले. दोन पावसाळ्यांनी ते माणसाच्या डोक्यावर गेले. शेजारी त्याच वर्षी लावलेले आमचे रोप तेव्हा कमरेपर्यंतही पोहोचले नव्हते, कारण त्या खुंटाला मुळे नव्याने करायची नव्हती.

हे काही आमचे संशोधन नाही. नायजर देशात 1980च्या दशकाच्या सुरुवातीला टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ वाळवंटाच्या कडेला वर्षानुवर्षे रोपे लावत होते आणि त्यातली बहुतेक मरत होती. एकदा वाळूतून जाण्यासाठी गाडीच्या टायरांतली हवा कमी करायला ते थांबले असता समोरच्या झुडपाची पाने त्यांनी निरखून पाहिली आणि ते झुडूप नसून तोडलेल्या झाडाच्या जिवंत खुंटावरचे फुटवे आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. शेतकऱ्यांनी आपापल्या शेतातले असे फुटवे निवडून राखायला सुरुवात केली आणि पुढच्या दोन दशकांत सुमारे 50 लाख हेक्टर जमिनीवर झाडे परतली. यासाठी 2018 साली त्यांना ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की स्वयंसेवकांनी पहिला पूर्ण हंगाम एकही खड्डा न घेता त्या जागेवर फिरावे, तिथे आधीपासून काय जिवंत आहे ते शोधावे, आणि लागवड फक्त तिथेच करावी जिथे खरोखर काहीच उरलेले नाही. आपले अनुभव काय आहेत?

समतल

पानगळ, फार आवश्यक विषय घेतलात. खुंट शोधण्याच्या कामात आम्हांला सर्वांत मोठा अडथळा घाणेरी (लँटाना) या झुडपाचा आला, म्हणून त्याविषयी लिहितो.

ही वनस्पती मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली. शोभेसाठी जगभर नेली गेली आणि जिथे जिथे जंगलाचे छत्र विरळ झाले तिथे तिथे तिने जाळी केली. आम्ही पहिली दोन वर्षे कोयत्याने ती जमिनीलगत तोडत होतो आणि प्रत्येक पावसाळ्यात ती पूर्वीपेक्षा दाट होऊन येत होती. खोड आणि मूळ जिथे एकमेकांना मिळतात त्या भागातून तिला नवे फुटवे येतात; त्याच्या वर तोडणे म्हणजे छाटणी करून तिला बळ देणेच होय. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेली पद्धत यावर उपयोगी पडते : कुदळीने जमिनीच्या खाली दोन-तीन बोटांवर मुख्य मूळ तोडायचे, संपूर्ण झुडूप उचलून मुळे वर करून उलटे ठेवायचे आणि तसेच वाळू द्यायचे. सबंध मूळ खणून काढावे लागत नाही, त्यामुळे मातीही फारशी विस्कटत नाही. फळे पिकण्याच्या आत हे काम उरकावे, नाहीतर उलटवलेल्या झुडपाखालीच बियांचा सडा पडतो. त्यानंतर दोन-तीन पावसाळे, पक्षी बसतात अशा झाडांखाली उगवणारी घाणेरीची रोपे हाताने उपटत राहावी लागतात. ज्यांना हे शेवटचे काम करायचे नाही त्यांनी पहिलेही करू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. कारण अर्धवट साफ केलेली, ऊन पडणारी आणि उकरलेली जमीन तणांना फार मानवते.

कुठून सुरुवात करावी, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. आमचा कल नेहमी सर्वांत वाईट भागाकडे जात असे, कारण तिथे केलेले काम डोळ्यांत भरते. सिडनीत 1960च्या दशकात जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणींनी नेमके उलटे केले. त्या चांगल्या राहिलेल्या भागापासून काम सुरू करून बिघडलेल्या भागाकडे सरकत, मातीला शक्य तितका कमी धक्का लावत आणि मूळच्या वनस्पती ज्या गतीने मोकळी जागा व्यापतील त्याच गतीने तण काढत. चांगल्या भागातील बी आपोआप शेजारच्या मोकळ्या जागेत पडते आणि तिथे लागवडीची गरजच उरत नाही. आमच्या गटाला हे पटायला वेळ लागला, कारण या पद्धतीत वर्षभराच्या श्रमानंतरही एखाद्या पाहुण्याला दाखवण्याजोगे फारसे काही नसते.

मृद्गंध

दोन्ही प्रतिसाद वाचले. माझा थोडा मतभेद आहे. मियावाकी पद्धतीने दोन-तीन वर्षांत दाट जंगल उभे राहिलेले मी स्वतः पाहिले आहे. मग खुंट शोधत आणि तण काढत वर्षे घालवण्यापेक्षा ती पद्धत सामुदायिक वनात का वापरू नये?

पानगळ

मृद्गंध, प्रश्न रास्त आहे. अकिरा मियावाकी (1928–2021) या वनस्पतिशास्त्रज्ञांनी जपानमध्ये 1970च्या दशकापासून कारखान्यांच्या आवारांत आणि अशाच पूर्णपणे बोडक्या झालेल्या जागांवर ही पद्धत यशस्वी करून दाखवली. तिचा पाया उत्तम आहे : त्या जागेवर माणसाचा हस्तक्षेप नसता तर कोणते वन असते याचा अभ्यास करायचा आणि त्यातल्याच अनेक जाती एकत्र लावायच्या. परंतु एका चौरस मीटरमध्ये तीन ते पाच रोपे म्हणजे हेक्टरी 30 ते 50 हजार रोपे होतात, आणि त्याआधी माती खोलवर उकरून तिच्यात सेंद्रिय द्रव्य मिसळावे लागते. शहरातल्या लहान भूखंडावर, जिथे जमिनीत जुने काहीच शिल्लक नाही, तिथे हे योग्य आहे. सामुदायिक वनात मात्र मातीखाली खुंट, कंद आणि बी जिवंत असतात आणि उकरणीत नेमके तेच नष्ट होते. शिवाय ज्या प्रदेशांत कोरडा ऋतू मोठा असतो, तिथले नैसर्गिक वन इतके दाट नसतेच.

लागवड करायचीच असेल, तर मला कोस्टा रिकातील प्रयोग अधिक जवळचा वाटतो. कॅरेन हॉल आणि राकान झहावी या संशोधकांनी तिथे सगळ्या जमिनीवर रोपे न लावता ठिकठिकाणी झाडांची बेटे लावली. पक्षी या बेटांवर येऊन बसतात, बी टाकतात आणि बेटे हळूहळू पसरून एकमेकांना मिळतात. रोपे सलग लागवडीच्या जवळपास एक-चतुर्थांशच लागली आणि दशकाहून अधिक काळानंतरही वनाची वाढ सलग लागवडीच्या तोडीची दिसली. मोजके मनुष्यबळ असलेल्या स्वयंसेवी गटाला तीन-चार बेटांची निगा नीट राखता येते; सबंध टेकडीची राखता येत नाही.

बीजांकुर

मी एका लहान रोपवाटिकेत दर आठवड्याला काम करते, त्यामुळे बियांबद्दल थोडे लिहिते.

बहुतेक नवे स्वयंसेवक वर्षभर बिया साठवून पावसाळ्यात पिशवीभर घेऊन येतात. कठीण कवचाच्या अनेक शेंगवर्गीय बिया अशा साठवणीत टिकतात आणि गरम पाण्यात भिजवल्यावर चांगल्या रुजतात. परंतु जांभळासारख्या झाडांचे बी वाळले की मरते. ते फळ पडल्यापासून काही दिवसांतच मातीत गेले पाहिजे. वर्षभर जपून ठेवलेल्या जांभळाच्या बिया कुणी मोठ्या प्रेमाने हातात ठेवल्या, तर मी त्या नाकारते आणि त्या व्यक्तीला फळे पिकतील तेव्हा बोलावते.

दुसरे म्हणजे, एकाच भरघोस झाडाखालून पोतेभर बी गोळा करण्याचा मोह टाळावा. एका झाडाची सगळी लेकरे एकमेकांची भावंडे असतात. एखादा रोग आला तर तो सगळ्यांना सारखाच गाठतो आणि पुढच्या पिढीत जवळच्या नात्यातले परागीभवन होऊन बी दुबळे होते. म्हणून एका जातीसाठी शक्य तितक्या, एकमेकांपासून दूर असलेल्या झाडांचे थोडे थोडे बी घ्यावे.

जातींच्या निवडीबद्दल थायलंडमधील चियांग माई विद्यापीठाच्या वन पुनरुज्जीवन संशोधन केंद्राचे काम आवर्जून सांगण्यासारखे आहे. 1994 पासून त्यांनी तिथल्या डोंगरातील गावकऱ्यांसोबत 20 ते 30 स्थानिक जाती निवडून लागवड करण्याची, मूळ ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमधली पद्धत तिथल्या वनांसाठी विकसित केली. निवडीचा निकष असा की झाड लवकर वाढून सावलीने तण दाबणारे असावे आणि लहान वयातच पक्ष्या-प्राण्यांना फळे किंवा मध देणारे असावे. म्हणजे उरलेल्या शेकडो जाती पाहुणे म्हणून आपोआप येतात. वड आणि उंबर यांच्या कुळातील झाडांना त्यांनी यात मानाचे स्थान दिले. याच पद्धतीत पहिल्या दोन पावसाळ्यांत दर चार ते सहा आठवड्यांनी प्रत्येक रोपाभोवतीचे तण काढण्यावर विशेष भर आहे. पानगळ यांचे म्हणणे यातून अधिकच पक्के होते.

माळरान

एक सावधगिरीची सूचना. झाडे नाहीत म्हणून ती जागा उजाड झालेले वन आहे, असे गृहीत धरू नये. काही जागा मुळातच गवताळ असतात आणि हजारो वर्षे तशाच असतात. तिथे खड्डे घेऊन झाडे लावणे म्हणजे एक परिसंस्था मोडून दुसरी लादणे होय. जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथून कायमचे जातात. ओळखायचे कसे, तर खुंट आणि जुनी मुळे सापडतात का ते पाहावे, गावातल्या वडीलधाऱ्यांना तिथे पूर्वी काय होते ते विचारावे, आणि पहिल्या पावसानंतर कंदवर्गीय फुलांचा बहर येतो का ते निरखावे. असा बहर आणि बहुवर्षायू गवताचे जुने ठोंब असतील, तर ती जागा निरोगी आहे. तिथे स्वयंसेवकांचे काम घाणेरी आणि परकी झाडे काढण्यापुरतेच असावे.

ओढाकाठ

मी स्वयंसेवक नाही. ज्या वनाच्या कडेला आमची घरे आहेत, त्याच वनावर आमचा चारा आणि सरपण चालते; म्हणून या चर्चेत न आलेली बाजू मांडतो.

बाहेरून मंडळी येतात, फलक लावतात, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी जाहीर करतात आणि निघून जातात. ज्या बाईला रोज मोळी आणावी लागते, तिने दुसऱ्या दिवशी कुठे जावे, हे फलकावर लिहिलेले नसते. आमच्याकडे पहिले कुंपण याच कारणाने तोडले गेले आणि मी ते चूक होते असे म्हणू शकत नाही. नंतर जे जमले ते असे : आम्ही सर्वांनी बसून वनाचे तुकडे पाडले, एका वेळी एकच तुकडा बंद ठेवायचे ठरवले, आणि बंद तुकड्यात गुरे न सोडता गवत कापून डोक्यावरून न्यायची मुभा प्रत्येक घराला दिली. रोपांभोवतीचे गवत आम्हीच कापू लागल्यामुळे बेणणीचा, म्हणजे तण काढण्याचा, मोठा भार हलका झाला. गुरांना चारा मिळाला आणि उन्हाळ्यात वणव्याला खायला वाळके गवतही कमी उरले. स्वयंसेवक वर्षभर पैसे जमवून जे करू शकले नव्हते, ते गवताच्या भाऱ्यांनी केले.

नेपाळमध्ये 1993 च्या वन कायद्याने स्थानिक उपभोक्ता गटांना वन राखण्याचा आणि त्यातून घेण्याचाही अधिकार दिला. आज तिथे असे वीस हजारांहून अधिक गट आहेत आणि बोडके झालेले कित्येक डोंगर त्यांनी पुन्हा हिरवे केले आहेत. भारतातही 2006 च्या वन हक्क कायद्यात ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी अनेक देशांतल्या वनांचा अभ्यास करून दाखवले की वापराचे नियम पाळले जातात की नाही, याकडे वापरणारे लोक स्वतः लक्ष देतात तिथे वनाची स्थिती चांगली राहण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे स्वयंसेवकांना माझी विनंती आहे की कुदळ उचलण्याआधी ते वन कुणाच्या हक्काचे आहे ते विचारा आणि ग्रामसभेत येऊन बसा.

पानगळ

ओढाकाठ, आपण लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे खुंट दाखवणाऱ्या आजोबांना आम्ही पहिल्या वर्षी काहीच विचारले नव्हते; उलट त्यांची गुरे आम्हांला अडचण वाटत होती. बंद तुकड्यातून गवत कापून नेण्याची मुभा आम्ही पुढच्याच बैठकीत मांडू.

समतल

वणव्याचा उल्लेख आला आहे म्हणून थोडक्यात : कोरडा ऋतू सुरू होताच राखलेल्या तुकड्याभोवती जाळरेषा काढावी, म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा गवत कापून आणि पाला झाडून पूर्ण मोकळा करावा, आणि पानगळ चालू असेपर्यंत तो पुन्हा पुन्हा झाडावा. एकदा झाडून सोडलेली जाळरेषा पंधरा दिवसांत पाल्याने भरते आणि निरुपयोगी होते. आग उताराच्या वरच्या दिशेला फार वेगाने धावते, म्हणून प्रशिक्षण नसलेल्या स्वयंसेवकाने आगीच्या वरच्या बाजूला कधीही उभे राहू नये.

नवखा

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. मी नोकरी करतो आणि महिन्यातून एकच रविवार देऊ शकतो. तेवढ्या वेळात खरोखर उपयोगी पडेल असे कोणते काम आहे का, की माझ्यासारख्याने लागवडीच्या दिवशी येणेच बरे?

पानगळ

नवखा, वर्षातले बारा रविवार एकाच तुकड्याला दिलेत, तर ते लागवडीच्या बारा शिबिरांपेक्षा मोलाचे ठरतील. वनाच्या समितीशी बोलून एक लहान तुकडा आपल्याकडे मागून घ्या, हातभर लांबीच्या चार काठ्यांनी चौकोन टाकता येईल इतक्याच कामापासून सुरुवात झाली तरी चालेल. पावसाळ्यात प्रत्येक रोपाभोवती हातभर त्रिज्येचे तण काढायचे आणि तेच तण आच्छादन म्हणून अंथरायचे, मात्र खोडाला टेकू द्यायचे नाही, कारण ओल धरून साल कुजते. पावसाळा संपताना नांग्या भरण्याचा, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्याचा, विचार करायचा नाही. त्या पुढच्या पावसाच्या सुरुवातीला भरायच्या. हिवाळ्यात जाळरेषेला हात लावायचा.

आणि मोजणी करा. मोजणी हे स्वयंसेवकाचे सर्वांत दुर्लक्षित काम आहे. पायवाटेजवळची रोपे नेहमी चांगली दिसतात, म्हणून मोजणीसाठी आतल्या रांगांतली रोपेही चिठ्ठ्या टाकून निवडावीत. निवडलेल्या रोपांना क्रमांकाची पट्टी बांधावी आणि ती सैल बांधावी. आमच्या एका उंबराच्या खोडात तार इतकी रुतली होती की ती सोडवताना सालीचा तुकडाच हातात आला. तुकड्याच्या एका कोपऱ्यात खुंटी ठोकून दरवर्षी त्याच महिन्यात, तिथूनच आणि त्याच दिशेला एक छायाचित्र काढावे. तीन वर्षांनी ती तीन छायाचित्रे शेजारी ठेवली की काय चालले आणि काय फसले, हे वाद न घालता कळते.

नवखा

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. आमच्या भागातील वनाच्या समितीने मला ओढ्यालगतचा एक उताराचा तुकडा पाहायला सांगितला. तिथे लागवडीसाठी रोपांची मागणी नोंदवून झाली होती. मी आणि समितीतल्या दोन ताई दिवसभर वाकून फिरलो आणि आम्हांला 19 जिवंत खुंट सापडले. त्यातले चार घाणेरीच्या इतके आत होते की पोटावर सरपटत जावे लागले. समितीने रोपांची मागणी निम्म्यावर आणली आहे. आता प्रश्न असा की एका खुंटाला दहा-बारा फुटवे आहेत, त्यातले कोणते ठेवावेत?

पानगळ

ही बातमी वाचून फार आनंद झाला. जमिनीलगत, अगदी बुडातून निघालेले फुटवे ठेवा. खुंटाच्या वरच्या कडेवरून निघालेले फुटवे दिसायला जोमदार असले तरी त्यांची पकड कच्ची असते आणि पुढे वाऱ्याने ते फाटून निघतात. पहिल्या वर्षी प्रत्येक खुंटावर एकमेकांपासून दूर असलेले चार-पाच ठेवा, म्हणजे एखादा मोडला किंवा गुरांनी खाल्ला तरी दुसरा हाताशी राहील. दोनतीनांवर पुढच्या वर्षी या. राखलेल्या फुटव्यांच्या खालच्या निम्म्या उंचीपर्यंतच्या बारीक फांद्या धारदार कात्रीने खोडालगत काढा, वरच्या निम्म्यांना हात लावू नका. कापणी झाड सुप्तावस्थेत असताना, कोरड्या दिवसांत करा. कापलेल्या फांद्या जाळू नका. काटेरी असतील तर त्याच खुंटाभोवती रचून ठेवा आणि बिनकाटेरी असतील तर उताराला आडव्या टाका, म्हणजे पहिल्या पावसात वाहून जाणारी माती त्यांच्यामागे अडेल.